पदवी वेगळी, बिरुद वेगळे : लॅटिन ‘डॉक्टरां’विषयी वाचकांचे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांना ‘डॉक्टर अँजेलिकुस’, ‘डॉक्टर सुब्तिलिस’ अशी लॅटिन नावे चिकटलेली आढळतात. ती कुणी दिली, कशी वाचायची, मराठीत कशी आणायची, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे खान्देशातून आली आहेत. त्यांतली काही निवडून उत्तरे देत आहोत. एकसारख्या प्रश्नांना एकदाच उत्तर दिले आहे.

थॉमस अक्वायनसला ‘डॉक्टर अँजेलिकुस’ म्हणतात. ही आजच्या पीएच.डी.सारखी पदवी का? कोणत्या विद्यापीठाने, कोणत्या वर्षी दिली?
— तत्त्वज्ञानाची एक विद्यार्थिनी, अमळनेर

पदवी नव्हे, ते बिरुद आहे. पदवी त्याला वेगळी मिळाली होती आणि ती मिळवण्याची वाट चांगलीच लांब होती. ‘डोकेरे’ म्हणजे शिकवणे, त्यावरून ‘डॉक्टर’ म्हणजे शिकवणारा. पॅरिसमध्ये ‘मॅजिस्टर’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द जवळपास एकाच अर्थाने चालत. तिथल्या १२१५ च्या नियमांप्रमाणे कला शाखेत शिकवायला सहा वर्षांचा अभ्यास आणि किमान २१ वर्षे वय लागे. धर्मशास्त्राला किमान आठ वर्षांचा अभ्यास आणि वय ३५. मधल्या काळात उमेदवाराने आधी बायबलवर व्याख्याने द्यायची, मग पीटर लोम्बार्ड याच्या ‘सेंटेन्सेस’ या चार खंडांच्या पाठ्यग्रंथावर, आणि वादसभांत उभे राहून उत्तरे द्यायची.

शेवटचा टप्पा म्हणजे ‘इन्सेप्शियो’, अध्यापनाचा आरंभ. आदल्या संध्याकाळी एक वादसभा, तिला ‘वेस्पेरिए’ म्हणत. दुसऱ्या दिवशी बिशपच्या दिवाणखान्यात डोक्यावर टोपी चढवली जाई, नवा आचार्य छोटे व्याख्यान देई आणि पुन्हा वाद होई. थॉमस या सगळ्यातून १२५६ मध्ये पार पडला. तेव्हा त्याचे वय ३१ च्या आसपास होते, म्हणजे वयात सूट द्यावी लागली. त्या दिवशी त्याने व्याख्यानाला स्तोत्रसंहितेतली डोंगरांना वरून पाणी मिळते ही ओळ घेतली: ज्ञान वरून आचार्यांवर पडते आणि त्यांच्याकडून खाली विद्यार्थ्यांकडे वाहते. सातपुड्यावरचा पाऊस तापीच्या खोऱ्यात उतरताना पाहिलेल्याला हे वेगळे समजावायला नको.

बिरुदाचे मात्र असे काही नाही. १२७४ मध्ये तो वारला, त्यानंतर शिष्यांनी आणि त्याच्या डॉमिनिकन या साधूंच्या संघाने ते रूढ केले. आधी त्याला ‘कोम्युनिस’, म्हणजे सर्वांचा आचार्य, म्हणत. ‘अँजेलिकुस’ नंतर आले. त्याचे कारण काहीजण त्याच्या निर्मळ आचरणात शोधतात. दुसरे कारण त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या, प्रश्नांत विभागलेल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात बोट ठेवून दाखवता येते: पहिल्या भागातले ५० ते ६४ हे पंधरा प्रश्न त्याने निव्वळ देवदूतांना दिले आहेत. तेव्हा उत्तरपत्रिकेत बिरुदाचे वर्ष लिहू नका. टिळकांना ‘लोकमान्य’ कोणत्या दीक्षांत समारंभात केले, असे आपण विचारत नाही.

एका गाइडमध्ये विल्यम ऑकमच्या ‘वेनेराबिलिस इन्सेप्टर’चा अर्थ ‘नव्या पंथाचा आदरणीय प्रवर्तक’ असा दिला आहे. बरोबर आहे का?
— नेटची तयारी करणारा एक वाचक, जळगाव

नाही, आणि चूक कुठे झाली तेही दिसते. वरच्या उत्तरातली ‘इन्सेप्शियो’ आठवा. तिच्या उंबरठ्यावर उभा असलेला, पात्रता पुरी केलेला पण आचार्याच्या आसनावर न बसलेला उमेदवार म्हणजे ‘इन्सेप्टर’. ऑकमने ऑक्सफर्डमध्ये १३१७ ते १३१९ च्या सुमारास ‘सेंटेन्सेस’वर व्याख्याने दिली. १३२४ मध्ये मतांची झडती द्यायला त्याला आविन्यों येथे पोपच्या दरबारी जावे लागले आणि १३२८ मध्ये तिथून तो निसटला. ऑक्सफर्डचे आसन राहिले ते राहिलेच. त्यामुळे या बिरुदात थोडी हळहळ आहे: पूज्य खरा, पण उमेदवारच. पुढे ‘आरंभ’ या अर्थावर बोट ठेवून त्याला नाममात्रवादाचा, म्हणजे ‘जाती’ ही नुसती नावे, खऱ्या त्या एकेकट्या वस्तू, या मताचा जनक ठरवण्यात आले. तो अर्थ मागाहून चढवलेला आहे.

जाता जाता: ‘ऑकमचा वस्तरा’ (गरज नसताना गोष्टींची संख्या वाढवू नये) म्हणून जे लॅटिन वाक्य छापतात, ते त्या शब्दांत त्याच्या ग्रंथांत नाही. विचार त्याचाच, वाक्य नंतरच्यांचे. अवतरणचिन्हांत ते त्याच्या नावावर टाकू नका.

आमच्या प्रश्नमंजूषेत ‘डॉक्टर उनिवेर्सालिस कोण?’ असा प्रश्न होता. अपेक्षित उत्तर अल्बर्ट द ग्रेट. एका मुलीने अलाँ द लील म्हटले, तिला गुण दिले नाहीत. तिचे पालक भांडायला आले आहेत.
— शाळेतील एक शिक्षक, धुळे

गुण देऊन टाका, मुलगी बरोबर आहे. अलाँ द लील तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वारला आणि अल्बर्ट १२८० मध्ये. दोघांनाही ‘सर्वविद्यांचा आचार्य’ म्हणतात. ही बिरुदे कुठल्या नोंदवहीत चढवलेली नव्हती, त्यामुळे एकच नाव दोघांना सहज चिकटे. सर्वांत गमतीचे उदाहरण ‘डॉक्टर एवांजेलिकुस’चे. पादुआचा अँटनी हे नाव मिरवतो आणि कॅथलिक चर्चने १९४६ मध्ये त्याला चर्चचा आचार्य केले. तेच नाव इंग्लंडच्या जॉन विक्लिफलाही त्याच्या चाहत्यांनी लावले. विक्लिफची मते १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने निषिद्ध ठरवली आणि १४२८ मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली!

पुढच्या वेळी प्रश्न उलटा घाला. नाव द्या आणि बिरुद विचारा, किंवा बिरुदाबरोबर शतक आणि संघ द्या: ‘तेराव्या शतकातला, डॉमिनिकन, कोलोनमध्ये वारलेला’. आणि ‘डॉक्टर मिराबिलिस’ विचारणार असाल तर उत्तरात नुसते ‘बेकन’ स्वीकारू नका. तो रॉजर बेकन, फ्रान्सिस्कन संघाचा साधू, ‘ओपुस मायुस’ हा ग्रंथ लिहून १२६७ मध्ये पोप चौथ्या क्लेमेंटकडे पाठवणारा. फ्रान्सिस बेकनचा जन्म १५६१ चा आहे. मुले हमखास इथेच पडतात.

ही बिरुदे मराठीत कशी आणावीत? ‘देवदूत डॉक्टर’, ‘सूक्ष्म डॉक्टर’ असे लिहिले की वाचक हसतात.
— एक अनुवादक, चाळीसगाव

हसणारच. ‘सूक्ष्म डॉक्टर’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला माणूस वाटतो. ‘डॉक्टर’ला ‘आचार्य’ म्हणा, निम्मे काम झाले. आचार्य शिकवतो, ग्रंथ लावून दाखवतो आणि परंपरेत उभा असतो. ‘पंडित’ चालेल, पण त्यात शिकवण्याचा भाग पुसट होतो.

तुमच्या तालुक्यातच याचा नमुना आहे. पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी जो मठ काढला, त्याच्याशी संबंधित हा लेख. त्यात घराण्याचा पूर्वज त्रिविक्रम याला ‘कविचक्रवर्ती’ म्हटले आहे आणि त्याचा मुलगा भास्करभट्ट याला भोजराजाने ‘विद्यापति’ हे नाव दिल्याचे नोंदले आहे. पॅरिसचे नियम त्यानंतर आठ वर्षांनी लिहिले गेले. फरक एवढाच की इथे देणारा राजा ठाऊक आहे, तिथे बहुतेकदा देणाऱ्याचे नावच नाही. पण अनुवादाला लागणारा साचा मिळाला: छोटे, सामासिक, नावासारखे वापरता येणारे बिरुद. लांबलचक स्पष्टीकरण नको.

आता एकेक शब्द. ‘सुब्तिलिस’ हा जॉन डन्स स्कोटसचा. या शब्दाचा मूळ अर्थ विणकामातला आहे, बारीक विणीचा. ‘सूक्ष्ममती आचार्य’ म्हणा. सैल गद्यात ‘तलम बुद्धीचा’ म्हटले तर मूळ अर्थाच्या जास्त जवळ जाल.

‘इर्रेफ्रागाबिलिस’, म्हणजे हेल्सचा अलेक्झांडर. इथे सर्वांत जास्त घसरतात. ‘फ्रांगेरे’ म्हणजे मोडणे, असे धरून ‘अभंग’ लिहितात, आणि मराठी वाचकाला टाळ ऐकू येतात. मूळ क्रियापद ‘रेफ्रागारी’ आहे, म्हणजे विरोध करणे. तेव्हा ‘अखंडनीय’ किंवा ‘अप्रतिवाद्य’.

‘सेराफिकुस’ हा बोनाव्हेंचर. याला आणि थॉमसला दोघांनाही ‘देवदूततुल्य’ करून टाकले तर दोन बिरुदांचे एकच होते. सेराफ हे सहा पंखांचे, हिब्रू धातूप्रमाणे ‘जळणारे’ दूत आणि त्यांची खूण म्हणजे प्रेमाची आग. बोनाव्हेंचर फ्रान्सिस्कन संघाचा, आणि त्या संघाचा संस्थापक फ्रान्सिस याला ला वेर्ना डोंगरावर १२२४ मध्ये सेराफाचे दर्शन झाले, अशी त्यांची श्रद्धा. बोनाव्हेंचरने स्वतः १२५९ मध्ये तिथे जाऊन, त्याच सहा पंखांच्या क्रमावर आपला ‘इतिनेरारियुम’ हा ग्रंथ रचला. म्हणून ‘प्रेमदीप्त आचार्य’. थॉमसला ‘देवदूततुल्य’ राहू द्या.

‘मेल्लिफ्लुउस’ हा क्लेर्वोचा बर्नार्ड. ‘मेल’ म्हणजे मध, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे. ‘मधुरभाषी’ बरे आहे, पण अपुरे आहे. यात शास्त्राच्या अक्षरांतून रस काढणाऱ्याचीही कल्पना आहे. ‘मधुस्रावी’ दोन्ही पोटात घेते. चित्रांत त्याच्याजवळ मधमाश्यांचे पोळे दाखवतात ते उगाच नाही.

‘इल्लुमिनातुस’ म्हणजे मायोर्काचा रामोन युल. हे कर्मणी रूप आहे, ज्याला प्रकाश मिळाला तो. ‘प्रकाश देणारा’ करू नका. आणि ‘प्रकाशित आचार्य’ तर मुळीच नको, लोक प्रकाशकाचे नाव विचारतील. ‘प्रकाशप्राप्त’ लिहा.

ऑगस्टिनचे ‘ग्रातिए’ विशेषण नाही, षष्ठी आहे. ग्रातिआ म्हणजे कृपा, ग्रातिए म्हणजे कृपेचा. अहिराणीत ‘कृपाना’ म्हणू तसे. ‘कृपाळू आचार्य’ चूक, ‘कृपेचा आचार्य’ बरोबर: त्याने कृपा या विषयावर लिहिले म्हणून.

इंग्रजीत मठ्ठाला ‘डन्स’ म्हणतात तो शब्द ‘सूक्ष्ममती’ स्कोटसच्या नावावरून आला, हे खरे का? इतक्या हुशार माणसाचे असे का झाले?
— केळी उत्पादक वाचक, यावल

खरे आहे. डन्स हे स्कॉटलंडमधले त्याचे गाव. तो १३०८ मध्ये कोलोनला वारला, पण दोनशे वर्षे विद्यापीठांत त्याचे अनुयायी, ‘डन्समन’, जोरात होते. सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या लोकांना ही कीसकाढू पद्धत नकोशी झाली. ‘डन्स’ आधी शब्दच्छल करणाऱ्याला म्हणू लागले, मग नवे काही शिकू न शकणाऱ्याला, आणि शेवटी सरळ मठ्ठाला. १५३५ मध्ये राजाचे तपासनीस ऑक्सफर्डला गेले, तेव्हा न्यू कॉलेजचा चौक डन्सच्या फाडलेल्या पानांनी भरला होता आणि वारा ती कोपऱ्याकोपऱ्यात उडवत होता, असे त्यांच्यातल्याच एकाने पत्रात लिहून ठेवले आहे.

आता ती सूक्ष्मता काय होती, ते तुमच्याच मालावर पाहू. एका घडातली एक फणी घ्या, तिच्यातली शेजारची दोन केळी. जात एक, रंग, लांबी, वजन, गोडी अगदी सारखी आहे असे धरा. तरी ती दोन आहेत. कशामुळे?

थॉमस म्हणेल, द्रव्यामुळे. या केळ्याचे द्रव्य इथली जागा व्यापते, त्याचे तिथली. यावरून पुढचा निष्कर्ष येतो: देवदूताला द्रव्यच नाही, म्हणजे एका जातीचे दोन देवदूत असू शकत नाहीत, प्रत्येक देवदूत ही स्वतंत्र जात. ‘सुम्मा’च्या पहिल्या भागात ५० व्या प्रश्नाच्या चौथ्या कलमात त्याने हेच म्हटले आहे. स्कोटस हे मानत नाही. द्रव्य म्हटले तरी ‘हे द्रव्य’ आणि ‘ते द्रव्य’ हा भेद आधी कुठून आला? तेव्हा प्रत्येक वस्तूत, तिच्या जातीखेरीज, तिला ‘हीच’ करणारे काहीतरी असते. त्याचे अनुयायी त्याला ‘हेक्केइतास’ म्हणतात. ‘हेक’ म्हणजे ‘ही’, म्हणून मराठीत सरळ ‘हेपण’. हे केळ्याला जोडलेले दुसरे द्रव्य नव्हे, सालीसारखे सोलून काढता येणारे नव्हे. तरी केळेपणाहून वेगळे आहे. इथे वाचक वैतागतो, आणि इथेच ‘सुब्तिलिस’ या बिरुदाचा अर्थ कळतो.

आपल्याकडच्या वैशेषिकांचा ‘विशेष’ यासारखा वाटतो. पण तो ते परमाणू, आकाश, आत्मा अशा नित्य द्रव्यांपुरता मानतात, केळ्यापुरता नाही. परीक्षेत दोन्ही एकच म्हणून ठोकू नका.

आमच्या चर्चमध्ये संत थॉमस यांना ‘चर्चचे डॉक्टर’ म्हणतात. ते आणि ‘डॉक्टर अँजेलिकुस’ एकच का? त्यांचा सण जुन्या प्रार्थनापुस्तकात ७ मार्चला आणि नव्यात २८ जानेवारीला का?
— एक वाचक, भुसावळ

एकच नव्हे. ‘चर्चचे आचार्य’ हा अधिकृत दर्जा आहे. त्याला थोर विद्वत्ता, पवित्र जीवन आणि चर्चची जाहीर घोषणा अशा तीन अटी लागतात. १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी अँब्रोज, जेरोम, ऑगस्टिन आणि ग्रेगरी या चौघांना तो दिला. संत थॉमस यांना १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी. हे पोप डॉमिनिकन. मग १५८८ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी संत बोनाव्हेंचर यांना दिला. हे फ्रान्सिस्कन. घरचा माणूस गादीवर असला की काम लवकर होते, ही रीत तिथेही आहे. संत बर्नार्ड यांना १८३० पर्यंत आणि संत अल्बर्ट यांना १९३१ पर्यंत थांबावे लागले. पहिल्या स्त्रिया, आविलाच्या तेरेसा आणि सिएनाच्या कॅथरीन, १९७० मध्ये आल्या.

उलट डन्स स्कोटस यांना बिरुद आहे, हा दर्जा नाही. १९९३ मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) म्हटले गेले, तेवढेच. रॉजर बेकन आणि ऑकम यांना तेही नाही. क्वचित बिरुद आणि दर्जा एकत्रही येतात. २१ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लियोंचे संत इरेनियस यांना ‘डॉक्टर उनितातिस’, ऐक्याचे आचार्य, या नावानेच घोषित केले. इथे मात्र वर्षच काय, तारीखही सांगता येते.

सणाचे म्हणाल तर, ७ मार्च हा संतांच्या मृत्यूचा दिवस. तो बहुधा उपवासकाळात येतो आणि साजरा करता येत नाही. १९६९ च्या नव्या पंचांगात म्हणून २८ जानेवारी घेतला. १३६९ मध्ये त्यांचे अवशेष तुलूझला पोचले तो हा दिवस.

‘सुम्मा’चा इंग्रजी अनुवाद वाचतो आहे. ‘द फिलॉसॉफर’ म्हणतो, ‘द कमेंटेटर’ म्हणतो, असे सारखे येते. नावे का नाहीत? आणि थॉमस स्वतःच्याच विरुद्ध बोलतो असे का वाटते?
— एक निवृत्त प्राध्यापक, शिरपूर

‘माउली म्हणतात’ असे कीर्तनात आले की कुणी ‘कुणाची माउली?’ विचारत नाही, तसेच ते. ‘फिलॉसॉफर’ म्हणजे ॲरिस्टॉटल. ‘कमेंटेटर’ म्हणजे ११९८ मध्ये वारलेला मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द, कारण त्याने ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिली. ‘मास्टर’ म्हणजे पीटर लोम्बार्ड, ‘अपॉसल’ म्हणजे पौल, ‘रब्बी मोझेस’ म्हणजे ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज. हयात प्रतिस्पर्ध्याला बहुधा ‘कुणी एक’ म्हणून मोकळे होतात. तो कोण हे तळटीपेत शोधावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कलमाच्या रचनेत आहे. प्रत्येक कलम ‘असे दिसते की’ या शब्दांनी सुरू होते आणि पुढे दोन-तीन आक्षेप येतात. हा पूर्वपक्ष. मग ‘परंतु याउलट’ म्हणून एखादे प्रमाणवचन. मग ‘मी उत्तर देतो’, आणि इथून थॉमसचे मत. शेवटी पहिल्या आक्षेपाला, दुसऱ्या आक्षेपाला अशी क्रमाने उत्तरे. वाचताना आधी ‘मी उत्तर देतो’ वाचा, मग वर जाऊन आक्षेप आणि लगेच त्या त्या आक्षेपाचे उत्तर, अशी जोडीने वाचा. उतारा घेताना तो कुठल्या भागातला आहे ते टिपून ठेवा. पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रश्नातले तिसरे कलम ‘देव नाही असे दिसते’ असे सुरू होते आणि त्याच कलमात पुढे देवाच्या अस्तित्वाच्या पाच वाटा दिल्या आहेत. पहिली ओळ उचलून थॉमसला नास्तिक ठरवलेली टिपणे आम्ही पाहिली आहेत.

उच्चार ‘अँजेलिकस’ की ‘आंगेलिकुस’?
— एक वाचक, नंदुरबार

इंग्रजीतून घेतला तर ‘अँजेलिकस’. चर्चच्या इटालियन वळणाच्या लॅटिनमध्ये ए आणि इ या स्वरांआधीचा ग ‘ज’सारखा आणि क ‘च’सारखा होतो, शेवट मात्र ‘उस’: ‘आंजेलिकुस’. प्राचीन रोमन उच्चारात ग आणि क जसेच्या तसे: ‘आंगेलिकुस’. आम्ही इथे साधारणपणे चर्चचा उच्चार धरला आहे, पण ‘डॉक्टर’, ‘अँजेलिकुस’ अशी मराठीला सरावाची रूपे ठेवून. वर ‘डोकेरे’ मात्र रोमन वळणाने लिहिले. चर्चच्या वळणाने ते ‘दोचेरे’ होते आणि ‘डॉक्टर’शी त्याचे नाते दिसेनासे होते. तुम्ही कोणताही धरा, पण एका लेखात एकच ठेवा.